रंग ओळखता येत नव्हते म्हणून चित्रकला सुटली, पुढे त्याच मुलाने शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर दिला

हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे हळदीच्या रानातून फिरा किंवा सेनगाव, कळमनुरीच्या काळ्या जमिनीवर सोयाबीन बघत उभे राहा. विहिरीवर मोटार असतेच, आणि शेतकऱ्याला पंपाच्या कंपन्या विचारल्या तर एक नाव हमखास येतं. किर्लोस्कर.

हे नाव महाराष्ट्रातल्या पोराटोराला माहीत आहे. पण हे नाव ज्या माणसामुळे यंत्रांवर आलं, तो शाळेच्या हिशेबात काही हुशार विद्यार्थी नव्हता. पाठांतरात त्याचं मन रमायचं नाही. घराण्याची विद्या त्याला जमली नाही. आवडीचा विषय मिळाला, त्यासाठी तो मुंबईला गेला, तर तिथे दोन वर्षांनी कळलं की ज्या गोष्टीवर त्या विषयाचा सगळा डोलारा उभा आहे, तीच गोष्ट त्याच्या डोळ्यांत नाही.

दहावीचा निकाल लागला की गावागावात एक वाक्य ऐकू येतं. पोरगं हुशार आहे, पण अभ्यासात लक्ष नाही. हे वाक्य बोलताना आपण मान हलवतो आणि विषय सोडून देतो. लक्ष का नाही, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. तो का विचारायला पाहिजे, हे समजून घ्यायचं असेल तर लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांची गोष्ट माहीत हवी.

वेदांती बापाचा यंत्रवेडा मुलगा

२० जून १८६९. बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर हे गाव. तेव्हा हा भाग मुंबई इलाख्यात होता, आज कर्नाटकात आहे. आजूबाजूला कानडी बोलणारा मुलूख आणि किर्लोस्करांच्या घरात मराठी. याच गावात १८४३ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले होते, म्हणजे मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे नाटककार. गाव लहान, पण मराठीला दोन मोठी नावं देऊन गेलं.

लक्ष्मणचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलाने बापाची वाट धरायची. ग्रंथ वाचायचे, पाठ करायचे, शास्त्र शिकायचं. घरात विद्येची कमतरता नव्हती, अडचण वेगळीच होती. ही विद्या कानाने ऐकून तोंडाने म्हणायची होती आणि लक्ष्मणचं डोकं चालायचं ते हाताने.

त्याला दोन गोष्टींचं वेड होतं. एक चित्रं काढायची आणि दुसरं म्हणजे यंत्रं. एखादी वस्तू कशी चालते, तिच्या आत काय आहे, एक भाग हलला की दुसरा का हलतो, यात तो रमायचा. पुस्तकी अभ्यासात मात्र जीव रमत नव्हता.

आता थोडं थांबून त्या काळची शाळा डोळ्यासमोर आणा. परीक्षा म्हणजे वाचन, लेखन, गणित, पाठांतर. पास झालेला मुलगा कारकून, मास्तर, वकील किंवा मामलेदार कचेरीत नोकर व्हायचा. हात चांगला चालणाऱ्या मुलासाठी प्रगतिपुस्तकात रकानाच नव्हता. लोहार, सुतार, कासार यांच्या घरातली पोरं हे काम घरीच शिकायची आणि त्याला कोणी शिक्षण म्हणत नव्हतं. पांढरपेशा घरातल्या मुलाने तिकडे जाणं तर कमीपणाचं.

म्हणजे लक्ष्मणकडे जे होतं ते शाळा मोजत नव्हती आणि शाळा जे मोजत होती त्यात त्याचा जीव नव्हता. हुशार मूल मागे का पडतं, याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जुनं कारण.

मुंबई गाठली, पण डोळ्यांनी दगा दिला

१८८५ मध्ये घराण्याची वाट सोडून लक्ष्मण मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. वय अवघं सोळा.

जे. जे. १८५७ मध्ये सुरू झालेलं. तिथे पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला शिकवली जायची. समोरची वस्तू जशी दिसते तशी कागदावर उतरवायची. आधी रेषा, मग छायाप्रकाश आणि मग रंग. रेषेपर्यंत लक्ष्मणचं काम चांगलं चाललं होतं. हात पक्का होता, नजर मापात बसत होती. गडबड रंगांपाशी झाली.

दोनेक वर्षं गेल्यावर उघड झालं की त्याला काही रंगांमधला फरक कळतच नाही. तो अंशतः रंगांध होता.

विचार करा, त्या मुलाचं काय झालं असेल. घरच्यांना न पटणारा रस्ता धरून आलेला. आपल्याला हीच एक गोष्ट येते, या भरवशावर आलेला. आणि त्याच गोष्टीत पुढे जाता येणार नाही, असं कळलेलं. आळस नव्हता, मेहनतीत कसूर नव्हती. हजार वेळा सराव केला असता तरी फरक पडला नसता.

रंगांधळेपणा म्हणजे नक्की काय?

आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातल्या एखाद्या प्रकारच्या पेशी नसतील किंवा वेगळ्या पद्धतीने काम करत असतील, तर काही रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो लाल आणि हिरव्यात. नावात अंधळेपणा असला तरी नजर अधू नसते. अक्षर स्पष्ट दिसतं, लांबचं दिसतं. फक्त रंगांची ओळख वेगळी असते.

हे बहुतेक वेळा जन्मतः असतं आणि आईकडून मुलाकडे येतं. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मुलींकडे दोन एक्स असल्याने एकात दोष असला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलांकडे एकच असतो. म्हणून रंगांधळेपणा मुलांमध्ये बराच जास्त दिसतो. जन्मतः असलेल्या या दोषावर चष्मा किंवा औषध देऊन तो बरा करता येत नाही.

यातली खरी मेख अशी की ज्याला हे असतं त्यालाच ते माहीत नसतं. जन्मापासून त्याने जग तसंच पाहिलेलं असतं. सगळ्यांनाच असं दिसतं, अशी त्याची समजूत असते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन स्वतः रंगांध होता आणि १७९४ मध्ये त्याने या प्रकाराबद्दल मांडणी केली, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. इतका मोठा शास्त्रज्ञ, पण त्यालाही स्वतःच्या डोळ्यांची गोष्ट कळायला तारुण्य उजाडावं लागलं.

लक्ष्मणच्या काळात रंगांची तपासणी होत होती, पण ती रेल्वेत. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये रेल्वेचा मोठा अपघात झाला आणि त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या लडी वापरून कर्मचाऱ्यांची परीक्षा घ्यायची पद्धत आणली. लाल आणि हिरवा सिग्नल चुकला तर गाडी धडकेल, म्हणून तपासणी. आज आपण बघतो ती ठिपक्यांच्या आकड्यांची चाचणी जपानच्या शिनोबू इशिहारांनी आणली ती थेट १९१७ मध्ये. शाळेतल्या मुलाचे रंग तपासायची पद्धत तेव्हा नव्हती. मुलगा चुकला, तर चुकला.

मग लक्ष्मणने काय केलं?

इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे गाशा गुंडाळून घरी परत जायचं आणि आयुष्यभर न जमलेल्या चित्रकलेचं दुःख करायचं. तसं झालं असतं तर कोणी त्याला दोष दिला नसता.

त्याने दुसरा रस्ता घेतला. चित्रकलेतून रंग वजा केला तर उरतं काय, तर रेषा, माप आणि आकार. जे. जे.मध्येच यंत्रांच्या आरेखनाचा विषय होता. यंत्राचा एखादा भाग वरून कसा दिसेल, समोरून कसा दिसेल, मधोमध कापला तर आत काय दिसेल, हे मापासकट कागदावर काढायचं. यात गुलाबी आणि फिकट हिरव्यातला फरक कळण्यावर काही अडत नाही. यात लागते ती पक्की रेषा आणि वस्तू मनातल्या मनात फिरवून बघायची ताकद.

लक्ष्मणकडे या दोन्ही गोष्टी लहानपणापासून होत्या. या विषयात तो चमकला.

मुलगा तोच होता, हातही तोच आणि डोळे तर अगदी तेच. बदलला होता फक्त विषय. एका वर्गात जो मागे होता तो शेजारच्या वर्गात पुढच्या रांगेत जाऊन बसला.

मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. आजची व्हीजेटीआय. तिथे लक्ष्मणरावांना शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवता शिकवता त्यांनी स्वतःचं शिक्षणही पूर्ण करून घेतलं. वर्कशॉप हाताशी होतं. कागदावरची रेषा प्रत्यक्ष लोखंडात कशी उतरते, हे तिथे बघायला मिळालं. शाळेतल्या पुस्तकांना कंटाळणारा हा माणूस यंत्रांवरची इंग्रजी पुस्तकं मात्र आवडीने वाचायचा. वाचनाचा कंटाळा कधीच नव्हता, फक्त हवं ते पुस्तक हातात पडायला उशीर झाला होता.

नोकरी सुटली, सायकलीने हात दिला

लक्ष्मणरावांचे थोरले भाऊ रामचंद्रराव, म्हणजे सगळ्यांचे रामूअण्णा, बेळगावात होते. १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा छोटा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर समूह आपला जन्म याच वर्षापासून मोजतो. ज्या रस्त्यावर हे दुकान होतं, त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

इकडे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली. काम चांगलं होतं, अनुभव होता, पण बढती मिळाली ती एका अँग्लो-इंडियन माणसाला. लायकी असूनही डावललं जाण्याचा हा अनुभव लक्ष्मणरावांना जिव्हारी लागला. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

एव्हाना सायकलींच्या धंद्यात मोठी दुकानं उतरायला लागली होती. लक्ष्मणरावांना दुसऱ्याच्या वस्तू विकण्यात तसाही रस नव्हता. स्वतः काहीतरी बनवायचं होतं. प्रश्न एवढाच होता की काय बनवायचं आणि कोणासाठी.

उत्तर त्यांना आजूबाजूला दिसलं. शेती.

कडबाकुट्टी आणि लोखंडी नांगर

पहिलं यंत्र केलं ते कडबा कापायचं. ज्वारीचा कडबा तसाच जनावरापुढे टाकला तर जनावर पाला खातं आणि जाड धांडं तुडवून टाकतं. बारीक कापून दिला तर सगळा खाल्ला जातो. म्हणजे तेवढ्याच कडब्यात जनावरं जास्त दिवस जगतात. दुष्काळी मुलखात याचा अर्थ काय होतो, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

त्यानंतर नांगर. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन फाडतो, पण पलटत नाही. भारी काळ्या रानात हराळी आणि कुंदा एकदा माजले की त्यांच्या मुळ्या खोल जातात. लाकडी नांगराने त्या पुरत्या निघत नाहीत. लोखंडी नांगराला वळणदार पंखा असतो. तो मातीचं ढेकूळ उचलून उलटं करतो. खालची मुळी वर येते, उन्हात वाळते आणि मरते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. वस्तू चांगली होती, पण गिऱ्हाईक फिरकेना.

लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांमध्ये पसरलेला होता. आज याला हसू येईल. पण ज्याचं वर्षाचं पोट एका रानावर अवलंबून आहे, त्याने अनोळखी लोखंड त्या रानात का घालावं, हा प्रश्न वेडेपणाचा नव्हता. त्याच्या दृष्टीने धोका फार मोठा होता. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं.

दोन वर्षं म्हणजे रोज सकाळी उठून न विकलेल्या नांगरांकडे बघणं. शाळेत मागे पडलेल्या, चित्रकलेतून बाहेर पडावं लागलेल्या आणि नोकरीत डावललेल्या माणसासाठी हे चौथं अपयश ठरू शकलं असतं. लक्ष्मणरावांनी वस्तूवरचा विश्वास सोडला नाही. हळूहळू एकाने घेतला, त्याचं रान दुसऱ्याने पाहिलं आणि मागणी सुरू झाली.

बेळगावने उठवलं, औंधने बोलावलं

धंदा मार्गी लागतोय म्हणेपर्यंत पुढचं संकट आलं. गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा बेळगाव नगरपालिकेला हवी होती. कारखाना हलवणं भाग पडलं. यंत्रं उचलून न्यायची कुठे, आणि पैसा आणायचा कुठून?

मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. हे औंध म्हणजे साताऱ्याकडचं. हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ नव्हे, नावात गल्लत होऊ शकते म्हणून सांगितलं. बाळासाहेबांनी कर्ज दिलं आणि आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ जमीन दिली.

गंमत म्हणजे बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंगांमुळे चित्रकला सुटलेल्या माणसाला जमीन मिळाली ती रंगांवर जीव टाकणाऱ्या राजाकडून.

जमीन होती सुमारे ३२ एकर. माळरान, निवडुंगाचं जंगल आणि त्यात नागांचा वावर. १० मार्च १९१० ला इथे वसाहतीची सुरुवात झाली. सोबत आली ती २५ कामगारांची कुटुंबं. सुरुवातीचे दिवस काबाडकष्टाचे होते. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, पाणी आणायचं आणि दिवसा कारखाना चालवायचा. या माळावर उभं राहिलेलं गाव म्हणजे किर्लोस्करवाडी. आज ते सांगली जिल्ह्यात आहे आणि रेल्वे स्टेशनलाही तेच नाव आहे. कारखान्याच्या भोवती कामगारांसाठी नियोजन करून वसवलेल्या देशातल्या पहिल्या काही वसाहतींमध्ये तिची गणना होते.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारं लोखंड अडलं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर केले, अशी आठवण या भागात सांगितली जाते. त्याच युद्धामुळे विलायती मालाची आवक घटली आणि किर्लोस्करांच्या नांगराला बाजार मोकळा मिळाला.

वाडीत कोण कोण होतं?

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग इथे आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

इतका मोठा कारखाना उभा करायचा तर माणूस साधारण काय करेल? पदव्या बघून माणसं घेईल. लक्ष्मणरावांनी तसं केलं नाही. त्यांच्या सुरुवातीच्या साथीदारांची यादी बघितली तर आजच्या एखाद्या कंपनीत यातल्या बऱ्याच जणांचा अर्ज पहिल्या फेरीतच बाजूला पडेल.

अनंतराव फळणीकर यांनी शिक्षण अर्धवट सोडलं होतं. वाडीत ते कल्पक इंजिनिअर म्हणून ओळखले गेले. के. के. कुलकर्णी विद्यार्थी म्हणून यशस्वी झाले नव्हते. वाडीत पडेल ते काम अंगावर घेणारे व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेगे कारकुनी करता करता मुख्य हिशेबनीस झाले. एवढंच काय, रात्रीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना ठेवलं. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. ज्यांना बघून गाव दारं लावायचं, त्यांच्या हातात कारखान्याची राखण दिली आणि ती त्यांनी इमानाने केली.

वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असाही लक्ष्मणरावांचा नियम होता. १९१० च्या दशकात, तेही खेड्यात, ही लहान गोष्ट नव्हती.

हे सगळं दयेपोटी केलेलं नव्हतं. कारखाना चालवायचा होता, माल वेळेवर द्यायचा होता. लक्ष्मणरावांना स्वतःच्या अनुभवातून एक गोष्ट कळली होती. एका कामात अपयशी ठरलेला माणूस दुसऱ्या कामात तसाच ठरेल असं नसतं. त्याला चुकीच्या तराजूत तोललेलं असू शकतं. म्हणून ते माणसाची जुनी गुणपत्रिका न बघता त्याला काम देऊन बघायचे.

पुढे काय झालं?

कारखाना वाढत गेला. नांगरासोबत उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, पंप, लोखंडी फर्निचर अशी उत्पादनं येत गेली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून एक मासिक निघायला लागलं, जे पुढे किर्लोस्कर मासिक म्हणून घराघरात गेलं. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. व्यंगचित्रं काढणारे शंवाकि ते हेच. पुढे १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिकंही इथूनच आली. चित्रकलेचा धागा घराण्यातून सुटला नाही, तो असा दुसरीकडून वर आला.

मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून आले. एका पिढीपूर्वी ज्या कामाला पांढरपेशा घरात शिक्षण म्हणत नव्हते, त्याच कामाची पदवी घ्यायला मुलगा सातासमुद्रापार गेला. चाळीसच्या दशकात हरिहर, पुणे आणि बंगळुरूमध्ये समूहाचे नवे कारखाने उभे राहिले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. २० जून १९६९ ला, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

पण प्रत्येकजण किर्लोस्कर होतो का?

नाही. ही गोष्ट सांगताना हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

शाळेत मागे पडलेली माणसं मोठी होतात, असं म्हणून टाळ्या वाजवणं सोपं आहे. पण लक्ष्मणरावांकडे काही गोष्टी होत्या ज्या त्या काळात फार थोड्यांकडे होत्या. शिकलेलं घर होतं. मुंबईला जायची सोय झाली. पाठीशी रामूअण्णांसारखा भाऊ होता. संकटात एक राजा मदतीला आला. त्याच काळात एखाद्या शेतमजुराच्या घरात किंवा गावकुसाबाहेर जन्मलेल्या मुलाचा हात तितकाच चांगला असता, तरी त्याला जे. जे.चा दरवाजा दिसलाही नसता. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. असे किती हात वाया गेले, याचा हिशेब कुठेच नाही.

म्हणून या गोष्टीचा अर्थ शाळा गेली खड्ड्यात असा होत नाही. लक्ष्मणराव वाचले ते शाळेमुळेच. फरक एवढाच की एका टप्प्यावर त्यांना योग्य विषय शिकवणारी शाळा सापडली. जे. जे.मध्ये यंत्रांच्या आरेखनाचा वर्ग नसता तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

आज अशा मुलांचं काय होतं?

आता आपल्याकडे काही मार्ग आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचन, लेखन, गणित यांतल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. राज्य शिक्षण मंडळाच्या दहावी, बारावीच्या परीक्षेत प्रमाणपत्र असलेल्या अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात. पण ते प्रमाणपत्र मिळण्याआधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं की मूल आळशी नाही, त्याला अक्षरं वेगळी दिसतात.

रंगांधळेपणाबाबतही नियम बदलले आहेत. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवान्याचा रस्ता मोकळा केला. आणि एप्रिल २०२२ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटला सांगितलं की रंगांध आहे म्हणून विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातून बाहेर ठेवता येणार नाही, गरज असेल तर अभ्यासक्रमात जुळवून घ्या. एका मुलाचं चित्रकलेचं शिक्षण रंगांमुळे तुटलं त्याला तेव्हा १३५ वर्षं झाली होती.

कायदा दिल्लीत होतो, मूल मात्र कळमनुरीच्या किंवा औंढ्याच्या वर्गात बसलेलं असतं. तिथे पहिली नजर मास्तरांची आणि आईबापाची असते. ती नजर साध्या गोष्टी बघू शकते. तोंडी सगळं सांगणारं मूल पेपर कोरा का सोडतं? नकाशातले रंग विचारले की गप्प का होतं? झाडाची पानं तपकिरी का रंगवतं? मागच्या बाकावर बसवलं की मागे पडतं आणि पुढे आणलं की सावरतं, म्हणजे फळा दिसत नाही की ऐकू येत नाही? घरात गोरमाटी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाला गणित येत नाही, की गणिताची मराठी कळत नाही? ऊसतोडीला आईबापासोबत गेलेलं मूल परत आल्यावर चार महिन्यांचे धडे कोणी भरून काढले का? वर्गात गप्प असणारं पोरगं घरी बंद पडलेली मोटार उघडून बसतं, हे मास्तरांना कोणी सांगितलं का?

यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे आणि उपायही वेगळा. कुठे डोळ्यांची किंवा कानांची तपासणी लागेल, कुठे घरच्या भाषेत चार गोष्टी समजावून सांगाव्या लागतील, तर कुठे दहावीनंतर आयटीआयचा अर्ज वेळेत आणि मान ताठ ठेवून भरावा लागेल. पण यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर अभ्यासात लक्ष नाही, हे नाही.

लक्ष्मणला रंग दिसत नाहीत, हे कळायला सतरा-अठरा वर्षं लागली. कळल्यावर मात्र पुढचा रस्ता लवकर सापडला. आज ठिपक्यांचं ते पुस्तक डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतं आणि तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत.